आरसी स्वच्छ म्हणजे गाडी स्वच्छ नव्हे

‘एम-परिवहनवर नंबर टाकला की गाडीचा सगळा इतिहास समोर येतो’ हे जुनी गाडी घेण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. या सरकारी ॲपवर गाडी कितव्या मालकाकडे आहे, कर्जाचा बोजा, विमा आणि फिटनेसची मुदत दिसते. अपघात, पाण्यात बुडालेली गाडी, फिरवलेला मीटर यातलं काहीच दिसत नाही. आणि माणूस फसतो तो नेमका इथेच.

मागच्या वर्षी आम्ही नाशकातच एका डीलरकडे एमएच-१५ पासिंगची गाडी पाहिली. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) स्वच्छ, एकच मालक, मीटरवर ४६ हजार किलोमीटर. टोकन द्यायच्या आधी मूळ मालकाला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो, तर दोन वर्षांपूर्वीच्या जॉबकार्डवर (सर्व्हिसिंगच्या नोंदीच्या कागदावर) ७८ हजार किलोमीटरची नोंद! मालकालाही धक्का बसला. त्याने गाडी दिली तेव्हा मीटर बरोबर होता म्हणे. आम्ही तिथूनच मागे फिरलो. विमा कंपनीकडचे जुने क्लेमही मालकाकरवीच मागवा, डीलरच्या तोंडी शब्दावर राहू नका. आपल्याकडे तर २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेच्या पुरात गाड्या अडकलेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाचे डाग बघा, स्टेपनीखालचा गंज बघा. आणि हो, कर्ज फिटलं असं नुसतं सांगितलं तर ऐकू नका, बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.