उंदीर चावला नाही, म्हणून धोका नाही?

पाऊस लागल्यापासून आमच्या डिचोलीतल्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की घरातला उंदीर चावल्याशिवाय रोग देत नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांपासून होणारा ताप) फक्त शेतात उतरणाऱ्यांना होतो, एखाददुसऱ्या उंदराचं मनावर घेऊ नका. मांजर आणा, डांबरगोळ्या टाका, नाहीच जमलं तर बिस्किटाला उंदीर मारायची विषारी पेस्ट लावून ठेवा. माझ्या जावेने तो मला दोनदा पाठवला, म्हणून लिहायला बसले.

चावण्याचंच आधी घेऊ. लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि मुतातून बाहेर पडतात. पायाला साधी चीर असली, नखाजवळ कातडी सोललेली असली, तरी त्यांना वाट मिळते. डोळ्यांतून, तोंडातूनही ते आत शिरतात. भातशेतीत अनवाणी चिखलात उभं राहणाऱ्यांना धोका जास्त, हे अगदी खरं. पण त्यावरून घर सुरक्षित ठरत नाही. हे जंतू सुक्यात मरतात, ओलीत मात्र आठवडेच्या आठवडे टिकतात. आणि आषाढात आपल्या घरात सुकं काय असतं? न्हाणीघर, मागची पडवी, मोरीचं तोंड, सगळं ओलंच. शिवाय लेंड्या-मुताने नासलेल्या अन्नातून साल्मोनेलासारखे जुलाबाचे जंतू पोटात जातात, ते वेगळंच.

गेल्या वर्षी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या जिनसांची, खोली उघडली तर सुक्या बांगड्यांच्या पिशवीचा कोपरा कुरतडलेला, शेजारी तांदळाच्या पोत्याला बोटभर भोक, आणि तांदळात काळ्या लेंड्या, जिऱ्याहून थोड्या जाड. सासूबाई म्हणाल्या, निवडून धुऊन घेऊया. मी ते तांदूळ टाकले. जीव तुटला, पण लेंडी वेचता येते, मूत वेचता येत नाही. फरशीवरच्या लेंड्यांना मात्र मी सवयीने केरसुणी लावली, ती चूक झाली. कोरडं झाडलं की धूळ उडते आणि श्वासातून आत जाते. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच नि नऊ भाग पाणी शिंपडून पाचेक मिनिटं भिजू द्यायचं, मग कागदाने पुसून घ्यायचं.

‘एखाददुसरा’ म्हणाल तर घरातल्या लहान उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेतात पाच-सहा पिल्लं सहज होतात आणि ती दीड महिन्यात स्वतः वेतावर येतात. चतुर्थीच्या आधी दिसलेला एक उंदीर दिवाळीपर्यंत एक राहत नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो वायरीसुद्धा कुरतडतो. कौलांखालच्या जुन्या वायरिंगचं आवरण गेलं तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते.

मांजर जरूर पाळा, पण तिच्या भरवशावर राहू नका. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी 79 दिवस मांजरांवर कॅमेरे रोखले होते. मोठे उंदीर मारले गेले फक्त दोन. 2018 साली ते प्रसिद्ध झालं. डांबरगोळ्यांनी उंदीर जात नाहीत, आणि जी-सिक्स-पी-डी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तपेशी त्यांनी फुटू शकतात.

पेस्टचा सल्ला वाचून मात्र माझा थरकाप झाला. पिवळा फॉस्फरस असलेल्या पेस्टवर उतारा नाही. पोटात गेल्यावर आधी उलट्या होतात, मग दोन-तीन दिवस माणूस बरा वाटतो, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. तीच पेस्ट बिस्किटाला लावून रांगत्या मुलाच्या उंचीवर ठेवायला सांगताय? कुणाच्या पोटात गेलीच, तर बरं वाटतंय म्हणून थांबू नका, त्याच क्षणी इस्पितळ गाठा.

आम्ही काय केलं, तर भोकं शोधली. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. आमच्याकडे वाट होती गॅसच्या नळीमागे. तिथे भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट मारलं, तांदूळ नि सोलं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत गेली, रात्री ओट्यावर खरकटं ठेवणं बंद केलं. नंतर पिंजऱ्यात तीन सापडले. चौथा आला नाही.

आणि या दिवसांत ताप येऊन पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल झाले, तर पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि घरात उंदीर आहेत हेही त्यांना सांगा. लेप्टोवर साधी अँटिबायोटिक्स चालतात, पण ती वेळेत सुरू व्हावी लागतात.