सहा स्क्रूंची गोष्ट

पावसाळ्यात सायकल सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत दामटायची आणि घरी आल्यावर ओलीच जिन्याखाली टेकवून अंघोळीला पळायचं, हा माझा छंद. गेल्या जूनमध्ये बाटलीच्या स्टँडचे स्क्रू बघितले तर चहाच्या गाळासारखे दिसत होते. म्हटलं बास, सगळे स्टेनलेसचे टाकू, जन्माचं काम होईल.

पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानात गेलो. "एम फाइव्ह, बारा लांबी, ॲलनचे, म्हणजे डोक्यात षटकोनी भोकवाले, सहा द्या." दुकानदाराने मान वर न करता स्टेनलेसची जात विचारली, "304 का 316?" चांगला असेल तो द्या म्हटलं. "316 खाऱ्या हवेला लागतो. समुद्र आहे का घराजवळ?" मुठेचं नाव काढायचा धीर झाला नाही, 304 घेतले. पण आम्ही यूट्यूब बघून गेलेलो ना, म्हणे खऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, खिशातून चुंबक काढला, लावला, आणि तो किंचित चिकटला! "डुप्लिकेट आहे हो हा!" तेव्हा कुठे मान वर झाली. "गार असताना दाबून डोकं काढतात, मग थोडं धरतंच. चुंबक घेऊन मंडईत पण जाता का?"

घरी येऊन दोन स्टँडला लावले, उरलेले चार हँडलच्या क्लॅम्पला, तिथले काळे काढून. वरच्या मजल्यावरचे काका, चाळीस वर्षं कारखान्यात क्वालिटीला काढलेली, जिना उतरता उतरता थांबले. काळा स्क्रू चष्म्याजवळ धरून डोक्यावरचा 12.9 हा ताकदीचा नंबर वाचला आणि म्हणाले, "अरे हा तुटायला 1200 मेगापास्कलचा ताण लागतो, तुझा तो 700 चा. तुझा गंजणार नाही, दोन तुकडे झाले तरी चकचकीतच राहील."

काळे निमूटपणे परत लावले. पण स्टँडचे दोन राहिले, आणि तेही ग्रीस न लावता ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कोरडेच पिळलेले. पाऊस आत गेला की स्टील आणि ॲल्युमिनियमची आपोआप बॅटरी होते आणि त्यात झिजतं ते बिचारं ॲल्युमिनियम, हे मला यंदा कळलं, स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसल्यावर. एक निघाला. दुसऱ्यात ॲलन की घातली, जोर लावला, कर्र झालं, मला वाटलं सुटला, तर आतलं षटकोनी भोक गोल झालेलं. तेल सोडलं, गरम पाणी ओतलं, पकड यावी म्हणून भोकात रबर बँड घालून बघितला, बायको म्हणाली अहो सोडा आता, कुकर झालाय.

स्टँड त्या एका स्क्रूवर लोंबकळतोय. गंज मात्र तिळाएवढा नाही.