नववा लागला की येणारा तो व्हॉट्सअॅपवरचा निरोप

घरात कुणाला आठवा-नववा महिना लागला की मोबाइलवर एक लांबलचक निरोप हमखास येतो. मावशी पाठवते, मावशीला तिच्या भिशीच्या ग्रुपवरून आलेला असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर ठरलेला : शेवटी बाळ कमी हललं तर घाबरू नका, सदतीस आठवडे भरले की एरंडेल घ्या, रोज वाटीभर तूप प्या, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा, त्यांनी बाळ मोठं आणि काळं होतं, कूस बदलताना आधी उठून बसा, नाहीतर नाळ गळ्याभोवती फिरते, पाणी गेलं तरी कळा येईपर्यंत घरीच थांबा, बाळ येण्याआधी सामान आणू नका, आणि पहिलं दूध काढून टाकून बाळाला मध चाटवा. एवढं केलंत तर म्हणे सिझेरियन टळेल.

सिझेरियनची धास्ती उगाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझेरियन होती, खासगीत ४७.४ टक्के. हा फरक पाहून कुणीही बिचकेल. पण भीती खरी म्हणून तिच्यावरचा उतारा खरा ठरत नाही, आणि या यादीतल्या दोन-तीन ओळी थेट जिवाशी खेळणाऱ्या आहेत. त्यातली सगळ्यात वाईट आधी घेऊ.

‘नवव्यात बाळाला जागा उरत नाही, म्हणून ते कमी हलतं.’ असं होत नाही. जागा कमी झाल्यानं हालचालीची तऱ्हा बदलते : आधी कोलांट्या आणि फटके, आता रेटणं, वळणं, बरगडीत टाच रुतणं. पण एकूण हालचाल कळा सुरू होईपर्यंत चालूच राहिली पाहिजे. बाळ झोपतं तेव्हा थांबतं, पण ती झोप बहुधा २० ते ४० मिनिटांची. दीड तासापलीकडे क्वचितच जाते. हालचाल मंदावणं हा पुष्कळदा वारेकडून रक्त-प्राणवायू कमी पोचत असल्याचा पहिला इशारा असतो. बाळ शक्ती राखून ठेवतं, म्हणून हलायचं थांबतं.

शंका आली तर डाव्या कुशीवर निवांत पडायचं, मोबाइल आणि टीव्ही बाजूला, एक हात पोटावर, आणि मोजायचं. २ तासांत १० हालचाली जाणवल्या नाहीत तर निघायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं; ‘सकाळी बघू’ हे वाक्य इथे महागात पडतं. आकडा पुरा झाला, पण बाईला स्वतःला ‘हे रोजच्यासारखं नाही’ असं वाटतंय, तरीही जायचं. पेढा खाऊन किंवा गार पाणी पिऊन बाळ ‘उठवत’ बसण्यात वेळ जातो. घरी ठोके ऐकायच्या छोट्या यंत्रावर तर अजिबात विसंबू नये, त्यात आईच्या स्वतःच्या नाडीचा आवाज बाळाचा समजला जातो. दवाखान्यात पोटावर दोन पट्टे बांधून साधारण २० मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात, गरज पडली तर सोनोग्राफी. बहुतेकदा सगळं ठीक निघतं आणि घरी पाठवतात. अशा फेऱ्या दोन झाल्या म्हणून कुणी हसलं, तर हसू द्यावं.

एरंडेलाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. एरंडेलातलं रिसिनोलेइक अॅसिड आतड्याच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतं, आणि गर्भाशयाच्या स्नायूंवरही त्याचा तसाच परिणाम होऊ शकतो. म्हणजे आजीचं निरीक्षण पोकळ नव्हतं. अडचण मात्रेची आहे. दोन चमच्यांतून कुणाच्या गर्भाशयाला किती धक्का बसेल हे कुणालाच सांगता येत नाही. जुलाब आणि ओकारी मात्र बहुतेकींना होतात. पोटात मुरडा येतो, त्याला कळा समजून घर दवाखान्यात धावतं, तिथे तपासणीत गर्भाशयाचं तोंड उघडलेलंच नसतं, आणि बाई रात्रभराच्या जुलाबांनी गळून गेलेली. खऱ्या कळा सुरू होतील तेव्हा लागणारी ताकद आधीच संपली. पहिलं बाळंतपण सिझेरियननं झालेलं असेल तर आवर न घालता येणाऱ्या कळांनी जुना व्रण उसवण्याचा धोका असतो. तिथे एरंडेलाचं नावही काढू नये.

दवाखान्यात कळा आणतात तेव्हा काय होतं ते शेजारी ठेवून पाहा. तोंडानं द्यायच्या मिसोप्रोस्टॉलची जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेली मात्रा आहे २५ मायक्रोग्रॅम, दर २ तासांनी, आणि दरम्यान बाळाचे ठोके व कळांची गती पाहत राहणं. जुन्या सिझेरियनचा व्रण असेल तर हे औषध टाळतात. एवढी काटेकोर मोजणी जिथे लागते तिथे ‘दोन चमचे दुधातून’ कसं चालेल?

आणि सदतीसाव्या आठवड्याची घाई कशाला? ३७–३८ आठवड्यांच्या बाळांना ३९–४० आठवड्यांच्या बाळांपेक्षा श्वासाचा त्रास, कावीळ आणि दूध ओढायला अडचण जास्त होते. कार्डावरची बाळंतपणाची तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस. त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. तारीख उलटली तर तपासण्या वाढवतात, आणि ४१ आठवडे भरले की कळा आणायचा सल्ला देतात. (मुहूर्त काढून अडतिसाव्या आठवड्यात सिझेरियन करवून घेणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे तर निरोपाची गरजही लागत नाही.)

तुपाबद्दल थोडक्यात. तूप जठरात जातं, बाळ गर्भाशयातून येतं. दोन्ही वाटा कुठेही मिळत नाहीत, त्यामुळे ‘वाट गुळगुळीत होते’ याला काही अर्थ नाही. १०० ग्रॅम तूप म्हणजे जवळपास ९०० उष्मांक, आणि गरोदरपणी रोजची वाढीव गरज ३५०ची. वरणभातावर दोन चमचे घ्या, चवीनं खा.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला मात्र हसण्यावारी नेता येत नाही. बाळ जास्त मोठं होण्यामागे बहुधा आईची न आवरलेली साखर, तिचं आधीचं वजन किंवा घराण्याची ठेवण असते. ज्यांना बाळाच्या आकाराची चिंता आहे त्यांनी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी झाली का ते फाइलमध्ये पाहावं. दोन तासांनंतरची साखर १४० किंवा वर असेल तर आहाराकडे लक्ष द्यावं लागतं. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, हे खरं. बाळाचा रंग तिनं बदलत नाही, जसा तो केशराच्या दुधानंही बदलत नाही.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची. बाळ स्वतःचा लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांतच करतं, म्हणजे निरोप नेमक्या भरण्याच्या वेळी नळ बंद करायला सांगतो. शिवाय साध्या बाळंतपणातही रक्त जातं. हिमोग्लोबिन ११–१२ असलेली बाई ते सहज सोसते, ७–८ असलेली तेवढ्यानंच धोक्यात येते. गोळ्या ‘लागू पडत नाहीत’ तेव्हा बहुधा वेळा चुकलेल्या असतात : लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलेलं, किंवा लोहावर लगेच चहा. लोह लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणाबरोबर, दोन्हींत निदान दोन तास. मळमळ सोसत नसेल तर गोळी रात्री झोपताना घेऊन पाहा, किंवा डॉक्टरांकडून बदलून घ्या.

नाळेचं म्हणाल तर ती बाळ स्वतः पाण्यात फिरता-फिरता गळ्याभोवती घेतं. आईनं कूस कशी बदलली याच्याशी संबंध नाही. साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती वेढा असतोच. नाळ सरासरी ५०–६० सेंटिमीटर लांब, वेढा बहुधा सैल, आणि डोकं बाहेर आल्यावर तो बोटानं सोडवून घेतात. बाळ पोटात नाकानं श्वास घेत नसल्यामुळे ‘गळफास’ ही कल्पनाच इथे बसत नाही. सोनोग्राफीत वेढा दिसला एवढ्यावरून कुणी सिझेरियन सुचवलं, तर आणखी काही कारण आहे का, हे जरूर विचारावं. झोपण्याबाबतचा खरा नियम वेगळा आहे : २८ आठवड्यांनंतर उताणं न झोपता कुशीवर झोपावं, कारण उताणं पडल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो.

‘पाणी गेलं तरी कळांची वाट पाहा.’ नको. पाणमोट फुटल्यावर वेळ जाईल तसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि बाळाचं डोकं खाली बसलेलं नसेल तर नाळ आधी बाहेर घसरू शकते. लघवी की पाणी असा संभ्रम असेल तर स्वच्छ पॅड लावा. पाणी रोखून धरता येत नाही आणि त्याला लघवीचा वास नसतो. वेळ आणि रंग लिहून ठेवा. हिरवट किंवा पिवळट असेल तर बाळानं पोटात शी केलीय, गाडी लगेच काढा. कळांच्या बाबतीत मात्र पहिलटकरणीला थोडा वेळ असतो : दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर तशाच चालू राहिलेल्या कळा आल्या की निघावं. दुसरी-तिसरी खेप असेल तर इतकं थांबू नये. रक्त जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, यांत कळांची वाटच पाहायची नाही.

‘आधी सामान आणू नये’ म्हणणाऱ्यांनी बाळंतविडा आठवावा. जुन्या लुगड्यांची दुपटी, झबली, टोपडी, कुंची आपल्याकडे आधीपासूनच शिवायला घेतात. सहा झबली, वीसेक लंगोट, सात-आठ दुपटी, दोन-तीन टोपडी एवढ्यानं पहिला आठवडा निभतो. नवं कापड एकदा धुऊन कांजी काढावी. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेले मोठ्या भावंडाचे कपडे मात्र तसेच घालू नयेत : जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्या बाळात त्या गोळ्यांतल्या नॅप्थलिननं रक्तपेशी फुटतात आणि कावीळ झपाट्यानं चढते. अशा बाळाचं निदान जन्माआधी झालेलं नसतं, म्हणून नवजाताच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोतच.

कपड्यांपेक्षा कागद महत्त्वाचे. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफ्या, रक्तगट, आधार, बँकेचं पासबुक एकाच फाइलमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल तर बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास तिथल्या दवाखान्यात नाव घालून एकदा दाखवून यावं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत लागणारं अँटी-डी इंजेक्शन तिथे मिळेल का, हे आधीच विचारून ठेवावं. लहान गावात ते शहरातून मागवावं लागतं. रक्त देऊ शकतील अशा दोघांचे नंबर, रात्री येईल असा गाडीवाला, तो न आल्यास १०२ किंवा १०८. सरकारी दवाखान्यात २०११पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर हे माहीत असलेलं बरं.

दवाखान्यात न्यायच्या पिशवीत नको ते : दुधाची बाटली, पावडरचा डबा, काजळ, गुटी आणि मधाची डबी. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना थारा देत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. म्हणून वर्षाच्या आत मध नाही, सोन्याच्या अंगठीनंही नाही. चिकाचं दूध पिवळं, दाट आणि थोडं असतं म्हणून ‘खराब’ किंवा ‘पुरत नाही’ असं वाटतं. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतंच जेमतेम चमचाभर, एका वेळी ५ ते ७ मिलिलिटर. पहिल्या तासात छातीशी लावायचं, सिझेरियन झालं तरीही.

इथे गोष्ट बिघडते ती सिझेरियनमध्येच : आई आत टेबलावर, बाळ बाहेर आजीच्या हातात, आणि आजीच्या कनवटीला मध. नर्सनं त्या वेळी सांगून उपयोग होत नाही. आठव्या महिन्यातच कधीतरी दुपारी चहा घेताना आजीला हे सांगून ठेवावं, आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहावं : बाळाला आईच्या दुधाशिवाय वरचं काही देऊ नये.