बहिणी किती, हे मोबाइलने विचारायला हवं

तहसील कचेरीसमोर बसून अर्ज लिहून देणं हे माझं काम. आता त्या कामात एआय सहायकही रोजचा झालाय. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आहे आणि समोर येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या पोराच्या मोबाइलमध्येही आहे. त्याच्याबद्दल माझं एक मत पक्कं झालंय: तो सांगितलेलं काम फार लवकर करून मोकळा होतो. लिहायला घेण्याआधी त्याने विचारलं पाहिजे.

त्याचे उपकार मी नाकारत नाही. पीक नुकसानीची तक्रार घेऊन आलेला माणूस चार गोष्टी एकदम सांगतो. पाऊस, पंचनामा, बँकेचा हप्ता, भावाशी वाद, सगळं एकात एक. ते तसंच टाकलं तरी हा तारखेवार लावून देतो, शुद्धलेखन सांभाळतो आणि कंटाळत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज तर तो माझ्यापेक्षा नेटका लिहितो.

वारस नोंदीची गोष्ट मात्र वेगळी आहे. खातेदार वारला की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे.) तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, कुणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, मंजूर करतात आणि मग सातबाऱ्यावर नावं लागतात. २०२५ साली जिवंत सातबारा मोहीम निघाली, तेव्हा कित्येक वर्षं मयताच्याच नावावर राहिलेल्या जमिनींसाठी आमच्याकडे रीघ लागली होती. या सगळ्या कामाचा पाया म्हणजे अर्जातली वारसांची यादी. ती चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि दुरुस्तीसाठी प्रांताकडे अपिलाचे हेलपाटे सुरू होतात.

एक मुलगा आला. वय वीस-बावीस, वडील नुकतेच गेलेले. मोबाइल पुढे करून म्हणाला, "मावशी, अर्ज तयार आहे, फक्त प्रिंट काढून द्या." वाचला. भाषा चोख होती. विषय, संदर्भ, गट नंबर, मृत्यूची तारीख, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, सगळं जागच्या जागी. वारस तीन: आई, तो आणि धाकटा भाऊ.

"बहीण नाही का रे तुला?"

"आहे की. पण तिचं लग्न झालंय."

"आणि आजी?"

"आजी आहे. ती काय करणार नाव लावून?"

हा पोरगा लबाड नव्हता. घरात जसं बोलतात तसं त्याने मोबाइलला सांगितलं आणि मोबाइलने त्याला सुंदर अर्ज करून दिला. मी त्याच चॅटमध्ये लिहिलं, 'मयताला मुलगी आहे, आई हयात आहे. त्यांचा हक्क आहे का?' क्षणात उत्तर आलं: हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे वर्ग १ चे, म्हणजे पहिल्या हक्काचे वारस, मुलीच्या लग्नाने हक्क जात नाही. वर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, हेही सांगितलं. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. तरी अर्ज लिहिताना त्याने एका शब्दाने विचारलं नाही.

माझी सगळी तळमळ या जागेवर आहे. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे सादर केले आणि २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला, हे पुष्कळांनी वाचलं असेल. एआयच्या धोक्याचं बोलणं निघालं की खोट्या माहितीचंच निघतं. या अर्जात मात्र एक अक्षरही खोटं नव्हतं. जी तीन नावं होती ती खरीच वारसांची होती. राहिलेली दोन नावं कुणी काढली नाहीत, ती यायचीच राहिली. असं काही अर्ज वाचून सापडत नाही. त्यासाठी घरात कोण कोण आहे ते विचारावं लागतं.

प्रश्न विचारणं यंत्राला जमणार नाही, असंही नाही. १९६६ साली, म्हणजे आपली महसूल संहिता आली त्याच वर्षी, एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाच्या संवाद साधणाऱ्या प्रोग्रॅमवर लेख प्रसिद्ध केला. तो बहुतेक वेळ समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा. त्याला कशातलं काही कळत नव्हतं, तरी विचारायचा. आजच्याला कायदा पाठ आहे आणि तो विचारत नाही.

याचं एक कारण त्याच्या घडणीत आहे, असं मला वाटतं. हे सहायक तयार करताना माणसांना उत्तरं दाखवतात, कुठलं आवडलं ते विचारतात आणि त्या पसंतीवर पुढचं शिकवणं चालतं. माणसाला तयार उत्तर आवडतं, उलटा प्रश्न आवडत नाही. ही ओढ फार वाढली की काय होतं तेही दिसलंय: एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचा एक बदल मागे घ्यावा लागला, कारण तो वापरणाऱ्याच्या हो ला हो करत सुटला होता. वारसाचा अर्ज मागणाऱ्याला अर्ज देणं, एवढंच त्याच्या दृष्टीने समाधान. पण त्या अर्जाने जिचं नुकसान होणार ती बहीण तिथे नसतेच. ती सासरी असते. तिला पसंती कोण विचारणार?

आणि यात गरिबाचंच जास्त नुकसान आहे. शिकलेला माणूस आठ ओळी लिहितो, आपली सगळी परिस्थिती मांडतो, वर 'काही राहिलं असेल तर सांग' असंही लिहितो. त्याला उत्तरही तसंच भरभक्कम मिळतं. आमच्याकडचा माणूस लिहितो, 'वडील वारले वारस नोंद अर्ज पाहिजे'. काय सांगायचं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला विचारणारं कुणी हवं. आजवर ते काम कचेरीबाहेर बसणारे आम्ही करत आलो. आता तो माणूस आमच्यापर्यंत न येता परस्पर अर्ज करणार असेल तर माझी हरकत नाही, त्याचे पैसे वाचतील. मात्र आमचं विचारण्याचं काम मोबाइलने अंगावर घ्यायला हवं.

लोक म्हणतात, सारखे प्रश्न विचारले तर माणसं वैतागतील. वैतागू देत. मीही सारखे प्रश्न विचारा म्हणत नाही. रजेच्या अर्जाला कशाला हवेत प्रश्न? पण जिथे तिसऱ्याचा हक्क जातो तिथे, म्हणजे वारस, वाटणी, हक्कसोड, पोटगी अशा कामांत, दोन-तीन प्रश्न आधी आलेच पाहिजेत. मयताला मुली किती? आई हयात आहे का? एखादं मूल आधी वारलं असेल तर त्याची मुलंबाळं कुठे आहेत?

मी स्वतः त्याला पहिल्या ओळीतच सांगते, 'आधी लिहू नकोस, काय काय माहिती लागेल ते मला विचार.' तेवढं सांगितलं की तो उत्तम विचारतो, कधी कधी माझ्याही ध्यानात न आलेलं विचारतो. तुम्हीही हे वाक्य लिहून बघा. पण हे वाक्य लिहायचं असतं हे त्या पोराला कोण सांगणार?

त्याच्या अर्जात शेवटी पाच नावं गेली. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने स्वतः दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्र नोंदवावं, तो तिचा निर्णय. अर्ज करतानाच तिचं नाव गाळायचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

हे वाचणाऱ्यांत एआयची मराठी उत्तरं तपासून गुण देण्याचं काम करणारं कुणी असेल, तर त्यांना कळकळीची विनंती. वारसाचा अर्ज मागितल्यावर ज्याने बहिणींचं विचारलं नाही, त्याची भाषा कितीही छान असली तरी त्याचे गुण कापा.