मूळ गाण्यालाच कव्हर म्हणतात, मग डोकं फिरणार नाही तर काय

शनिवारी ऑफिसातल्या एकाची पन्नाशी होती, फ्रँकफर्टजवळच्या गावात हॉल घेतलेला. डीजे म्हणाला फर्माईश सांगा. मी मेलोडियन्स या जमैकातल्या तिघा गायकांचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' सांगितलं, १९७० चं. त्याने लॅपटॉपवर शोधलं, हेडफोनची एक वाटी कानाला लावून जेमतेम दहा सेकंद ऐकलं आणि म्हणतो, "हे बोनी एमचं कुणीतरी स्लो कव्हर केलंय रे, ह्याच्यावर कोण नाचणार, थांब, ओरिजिनल लावतो."

ओरिजिनल! बोनी एम या जर्मनीतल्या डिस्को ग्रुपचं १९७८ चं! अरे आठ वर्षं आधीचं गाणं कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गायलेलं, कसं असेल?

आणि मग जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडी केली, बर्थडेवाला इंजिन, आणि टेबलांमधून फेऱ्या सुरू. गाणं कशाचं आहे? देश सुटलेले, कैद करून परक्या मुलखात आणलेले लोक नदीकाठी बसून रडतायत, आणि वर कैद करणारे त्यांना सांगतायत की गाणं म्हणा. बायबलमधलं स्तोत्र आहे ते, १३७ वं. गुलाम करून नेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी जमैकात ते आपलं म्हणून गायलं, रास्ताफारी, म्हणजे तिथल्या एका पंथाचे, शब्द घालून. आपल्याकडे कुणी ज्ञानोबांच्या विराणीवर लेझीम खेळायला लागलं तर आपण गप्प बसू का?

शब्दसुद्धा सोडले नाहीत हो. मूळ गाण्यात 'किंग अल्फा'चं गाणं आहे, म्हणजे रास्ताफारी ज्याला देव मानतात त्या इथिओपियाच्या सम्राटाचं, हैले सेलासीचं. बोनी एममध्ये तिथे नुसता 'लॉर्ड', म्हणजे रास्ता गायब, कुणाला काही टोचायला नको. मेलोडियन्सच्या तिघांचे आवाज असे एकमेकांना धरून चालतात, मागे ती गिटार ऑफबीटवर, दोन ठोक्यांच्या मधे, हळूच चटका देते, कुठे घाई नाही. आणि इकडे धबधब धबधब. गीतकारांच्या यादीत बोनी एमच्या निर्मात्याचं, फ्रँक फारियानचं, नाव पण आलं, आता बोला!

बोनी एमच्या सगळ्याच्या मुळाशी हा फारियानच आहे. 'सनी' घ्या. १९६३ मध्ये भावाचा खून झाला त्या दुःखात बॉबी हेबने ते लिहिलं, माणूस उजेड शोधतोय त्यात, आणि १९७६ मध्ये त्याचा झगमग डिस्को झाला. बोनी एमचा बॉबी फॅरेल स्टेजवर उड्या मारायचा पण रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज फारियानचाच. पुढे फारियानच्याच मिली व्हॅनिली या जोडीत पुन्हा तेच, गाणारे दुसरेच, १९९० मध्ये त्यांचं ग्रॅमी परत घेतलं. आणि फारियान एकटाच नाही, तो दुसरा डिस्को ग्रुप सांता एस्मेराल्डा! नीना सिमोनने १९६४ मध्ये 'डोन्ट लेट मी बी मिसअंडरस्टूड' गायलं तेव्हा एक बाई कळवळून सांगत होती की मला समजून घ्या, त्याची १९७७ मध्ये पंधरा मिनिटांच्या वर टाळ्या-टाळ्यांची मिरवणूक काढली. १९८१ चं ते स्टार्स ऑन ४५ तर सहनच होत नाही, बीटल्सच्या गाण्यांचे तुकडे नकली आवाजात म्हणून सगळ्यांना एकच टाळी, सगळी गाणी एका मापाची. कोबीसुद्धा इतका सारखा चिरत नाही कुणी.

मला राग येतो कारण मी फसलोय. आमच्याकडे सोलापुरात बाबांची बोनी एमची कॅसेट होती, फीत गुंतली की पेन्सिलीने फिरवायचो, सगळी तोंडपाठ. विशी उलटल्यावर हॉस्टेलच्या रूममेटने मेलोडियन्स ऐकवले. पहिल्यांदा कळलं की हे दुःखाचं गाणं आहे. इतकी वर्षं मी रडणाऱ्या माणसांच्या गाण्यावर चुटक्या वाजवत होतो आणि कॅसेटच्या कव्हरवर त्यांच्याबद्दल एक शब्द नव्हता.

डीजेला परत जाऊन सांगितलं, साल दाखवलं मोबाईलवर. तो म्हणाला, "असेल, पण लोकांना हेच माहितीये." आणि आवाज वाढवला.

कोट घेतला आणि निघालो. गाडीत बसून मेलोडियन्स लावलं, तीनदा, पूर्ण.