हाडासारखा दिसतो म्हणून खांब हाडासारखं काम करत नाही

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला चार वेळा आला, दोनदा तर आमच्या कॉन्ट्रॅक्टर लोकांच्याच ग्रुपवर. थोडक्यात त्यात असंय की निसर्गाने ३८० कोटी वर्षांत सगळं डिझाईन परफेक्ट करून ठेवलंय, आयफेल टॉवर मांडीच्या हाडाची कॉपी आहे, झिम्बाब्वेतल्या हरारेची एक बिल्डिंग वारुळाची कॉपी मारून एसीशिवाय थंड राहते, आता सॉफ्टवेअर आपोआप निसर्गासारखं स्ट्रक्चर काढून देतं आणि निम्मं स्टील वाचतं, तरी आपले इंजिनिअर ठोकळेच बांधतात. मी जळगावात स्ट्रक्चरल डिझाईन करतो आणि हा विषय मला मनापासून आवडतो, म्हणूनच तो असा अर्धवट फिरताना बघवत नाही.

आधी आयफेल टॉवर. हाडाची गोष्ट खरी आहे, पण ती टॉवरची नाही. झुरिचमध्ये कार्ल कुलमान नावाचे इंजिनिअरिंगचे प्रोफेसर होते, त्यांनी १८६६ च्या सुमारास मायर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाकडे मांडीच्या हाडाचा उभा छेद बघितला आणि आतल्या बारीक जाळीच्या रेघा त्यांना क्रेनमधल्या ताण-दाबाच्या रेघांसारख्या वाटल्या. पुढे १८८४ मध्ये टॉवरचं पहिलं स्केच ज्याने काढलं तो मोरिस केश्लिन या कुलमानचाच विद्यार्थी. म्हणजे गुरूकडून शिष्याकडे आलं ते बळं कागदावर रेघांनी मोजायचं तंत्र, हाडाचा आकार आला नाही. टॉवरच्या पायांना तो बाक का, हे खुद्द आयफेलनेच सांगितलंय, वाऱ्यामुळे. ३०० मीटरवर वारा किती ढकलेल त्यावरून तो बाक ठरला.

आणि हाडाची खरी कमाल फॉरवर्डमध्ये आलेलीच नाही. हाड जिवंत असतं भो. जिथे भार येतो तिथे ते जाड होतं, जिथे येत नाही तिथे झिजतं, अंतराळवीर महिनोन्महिने वजनाशिवाय राहिले की त्यांची हाडं म्हणूनच विरळ होतात. तुटलं तर जुळतंसुद्धा. आपला खांब एकदा उभा राहिला की राहिला, उद्या वरच्या मजल्यावर कोणी पाण्याची टाकी वाढवली तर तो काही स्वतःहून जाड होणार नाही, ती टाकी डिझाईन करतानाच धरावी लागते.

हरारेचं ईस्टगेट सेंटर, १९९६ चं, आर्किटेक्ट मिक पीअर्स. चांगलीच बिल्डिंग आहे, त्यात वाद नाही. पण तिथे पंखे आहेत, रात्रीची गार हवा आत ओढून काँक्रीट थंड करतात आणि दिवसा तोच गारवा वापरतात. ज्या वारुळावरून ही कल्पना घेतली ते वारूळ तसं चालतच नाही असं पुढे टर्नर आणि सोअर या अभ्यासकांनी दाखवलं, वारुळाची रचना आतली हवा बदलायला असते, फुफ्फुसासारखी, कूलरसारखी नाही. म्हणजे समजूत चुकीची होती तरी बिल्डिंग चालली, कारण हरारे जवळपास १५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या रात्री गार असतात. आता भुसावळच्या मे महिन्यात या, दिवसा पारा ४५ च्या आसपास आणि रात्री गच्चीवर गादी टाकली तरी अंग भाजतं, तिथे काँक्रीट थंड करायला गार हवा आणायची कुठून? आपल्याकडच्या धाब्याच्या घरांकडे बघा, जाड भिंती, लहान खिडक्या, वर मातीचा थर. आपल्या उन्हाला दिलेलं उत्तर ते आहे, तिथून सुरुवात करा.

सगळ्यात घातक मुद्दा सॉफ्टवेअरचा, कारण यावर लोक खरंच पैसे लावतात. मागे एक जण फांद्यांसारख्या खांबांचं चित्र घेऊन आले, सॉफ्टवेअरनेच काढलंय म्हणे, फक्त सही द्या. या पद्धतीला टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन म्हणतात, बेंडसो आणि किकुची यांच्या १९८८ च्या कामापासून ती रुळली, आणि ती करते एवढंच की तुम्ही सांगितलेल्या भारासाठी, दिलेल्या मटेरियलमध्ये, नको तिथलं काढून टाकते. यांच्या मॉडेलमध्ये भार एकच होता, वरून खाली. मी बाजूने वारा टाकला, मग भूकंप टाकला (सातपुड्याचा १९३८ चा भूकंप आपल्याकडे कोणाला आठवत नाही) आणि तो अख्खा आकारच बदलला, जिथे काही नव्हतं तिथे जाड फांद्या आल्या. त्यात बारीक फांदी दाबाखाली वाकून बाजूला फेकली जाते, याला बकलिंग म्हणतात, ते साध्या ऑप्टिमायझेशनमध्ये बघितलंच जात नाही, वेगळं तपासावं लागतं. शिवाय प्रत्येक जॉइंट वेगळ्या कोनात, फॅब्रिकेटरने कटिंग-वेल्डिंगचा रेट सांगितला तेव्हा वाचलेल्या स्टीलचा हिशोब तिथेच संपला.

मग कम्प्युटरचा उपयोग नाही का? प्रचंड आहे. साखळी दोन टोकांना धरून लोंबकळू द्या, ती फक्त ताणात असते, तोच आकार उलटा केला की फक्त दाबात उभी राहणारी कमान मिळते, हे रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये मांडलं. स्पेनचा आर्किटेक्ट गाउदी, त्याने एका चर्चसाठी दोऱ्यांना छर्‍यांच्या पिशव्या टांगून असं मॉडेल केलं, त्यात वर्षं गेली. आज ग्रासहॉपर या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये कांगारू नावाचं प्लगइन टाकून तेच लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं, आणि २०१६ मध्ये व्हेनिसला झुरिचच्या ब्लॉक रिसर्च ग्रुपने ३९९ दगडांचा आर्माडिलो व्हॉल्ट, म्हणजे कमानीसारखं छत, उभा केला, चुना नाही, सिमेंट नाही, काही ठिकाणी दगड फक्त ५ सेंटीमीटर जाड. इथे कोणी कशाची कॉपी केली नाही, बळं कशी वाहतात ते विचारलं आणि आकार उत्तर म्हणून आला.

राहिलं "परफेक्ट". आमचे मामा चोपड्याकडे केळी लावतात, वादळानंतर बागेत उभे राहून म्हणाले, "पान फाटनं म्हनीसन झाड वाचनं." बरोबर आहे, फाटलेलं पान वारा कमी पकडतं. पण त्याच बागेत घड आलेली झाडं आडवी पडली होती, कारण जी-नाईन या केळीच्या जातीचा तो जड घड माणसाने निवडून निवडून वाढवलाय, खोड म्हणजे पानांच्या आवरणांची गुंडाळी, तिला हा भार झेपत नाही म्हणून तर आपण बांबू लावतो. म्हणजे निसर्गाचं डिझाईनसुद्धा ज्या भारासाठी घडलं त्याच्यापुरतंच परफेक्ट.

आणि ठोकळ्यांबद्दल म्हणाल तर साध्या घराला चौकोनी खांबच बरा, शटरिंग म्हणजे काँक्रीटचा साचा पुन्हा वापरता येतो. पण शिकायचंच असेल तर हरारेला जायची गरज नाही. केळीच्या पानाचा देठ हातात घ्या, छेद बघा, अगदी चॅनल सेक्शन, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा स्टीलचा तुकडा. वाकवायला गेलं तर दाद देत नाही, पिळला की लगेच वळतो. आम्ही चॅनल पिळला जाऊ नये म्हणून धडपडतो, केळ मात्र त्याच कमजोरीने वाऱ्यात पान फिरवून घेते.




केळीच्याच गणातलं स्ट्रेलिट्झियाचं फूल असंच, पक्षी बसला की पाकळी बाजूला वळते, आणि त्यावरून २०१२ मध्ये कोरियात येओसूच्या एक्स्पोमध्ये १०८ फायबरच्या पट्ट्यांची उघडझाप करणारी भिंत केली, बिजागरी नाही. रावेर-यावलची सिव्हिलची पोरं रोज या देठावरून गाडी घालत कॉलेजला जातात, त्यांनी एकदा उतरून तो पिळून बघावा एवढंच मला वाटतं.