हाल्ब द्राय म्हणजे अडीच

जर्मनीत श्टुटगार्टला येऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी रविवारी कॉफीला बोलावलं, हाल्ब द्राय वाजता. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, झालं की मग साडेतीन, असा हिशोब करून मी छान कुर्ता-बिर्ता घालून, हातात चिवड्याचा डबा घेऊन बरोब्बर साडेतीनला बेल वाजवली. आजी दारात उभ्या, मागे टेबलावर कापलेला केक, कॉफी गार. रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, तुम्ही एक तास उशिरा आलात. बस, विषय संपला. आपल्याकडे कसं "अगं असू दे गं, आम्हीपण आत्ताच आवरलं" असं खोटं तरी बोलतात, इथे ते नाही. मग कागदावर घड्याळ काढून मला समजावलं, तिसरा तास अर्धा झाला की हाल्ब द्राय, म्हणजे अडीच.

आणि खरं सांगू का, हे आपल्याला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, कारण अडीचचं मूळ संस्कृतातलं अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा, सेम टू सेम लॉजिक. या भागात पावणेतीनला चक्क "पाऊण तीन" म्हणतात आणि सव्वादोनला "पाव तीन". आकडेही आपल्यासारखेच, एकवीस म्हणताना आधी एक मग वीस. आठवतंय ना, 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणा असं आलं आणि केवढा गदारोळ झाला होता? तेव्हा मी पण फेसबुकवर तावातावाने लिहिलं होतं. आता जर्मन फोन नंबर लिहून घेताना रोज धांदल उडते आणि त्या पुस्तकवाल्यांचं थोडं थोडं पटायला लागतं. असो.

आजींमुळेच मला केरवॉख समजलं. ही इथली स्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या लोकांची पद्धत, दर आठवड्याला बिल्डिंगमधल्या एकेका घराची जिना झाडायची पाळी, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. (शब्दात केर आहे आणि कामही केर काढायचंच, योगायोग भारी आहे.) पहिल्यांदा पाटी माझ्या दाराला लागली तेव्हा मला वाटलं काहीतरी नोटीस आहे, मी ती काढून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी आजी वर आल्या, जिना दाखवला, झाडू दाखवला, पाटी परत मागितली. इंग्लिशचा एक शब्द येत नाही त्यांना. मी ऑफिसात दोन वर्षं इंग्लिशवर मजेत काढली, पण जर्मन शिकले ती आजींमुळे, कारण त्या माझ्यासाठी भाषा बदलतच नव्हत्या, फक्त हळू बोलायच्या आणि मी चुकले की मध्येच थांबवून दुरुस्त करायच्या, न हसता.

आता हे सगळं आज का लिहितेय, तर आमच्या डोंबिवलीच्या शाळेचा ग्रुप. गेल्या वर्षी, 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करायचा जीआर आला, जूनच्या शेवटी मागे घेतला, मग 5 जुलैला वरळीत दोघे ठाकरे भाऊ एका स्टेजवर, त्याच सुमारास मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला मारहाण, तेव्हापासून ग्रुपवर जे पेटलंय ते अजून धुमसतंय. आणि दोन्ही बाजूचे लोक माझाच दाखला देतात! एक म्हणतो, बघा हिला जर्मनीत जर्मन शिकावंच लागलं की नाही, मग इथे येणाऱ्यांना मराठी का नको. दुसरी म्हणते, अगं तू स्वतः दुसऱ्याच्या देशात राहतेस, तुला तरी कळायला हवं बाहेरून आलेल्यांचं दुःख.

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. म्हणजे पुन्हा हाल्ब.

पहिल्याचं आधी घेऊ. हो, इथे भाषा लागते. नागरिकत्व हवं तर बी-वन, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतपत, लेव्हलची परीक्षा द्यावी लागते. पण त्याच सरकारचा बाहेरून आलेल्यांसाठी इंटिग्रेशन कोर्स आहे, सहाशे तास भाषेचे आणि शंभर तास कायदा, इतिहास, समाज वगैरेचे. शिवाय गावोगावी फोल्क्सहोखशूल, म्हणजे संध्याकाळी मोठ्यांसाठी चालणारी शाळा, माझ्या वर्गात एक सीरियन न्हावी, एक ब्राझीलची नर्स आणि मी एका बाकावर होतो. मागणी आहे तशी सोयही आहे. आता ग्रुपवाल्यांना माझा साधा प्रश्न, डोंबिवलीत ज्या रिक्षावाल्याला तुम्ही मराठी आलीच पाहिजे म्हणता त्याने रात्री नऊनंतर नक्की कुठल्या वर्गात जायचं, पत्ता सांगा? 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, मीही इथे मंडळात शिरा केला होता, पण तो वर्ग काय मला अजून सापडला नाहीये.

आणि दुसरीला सांगते की दुःख वगैरे ठीक आहे, पण शिकायला नको म्हणून दुःखाचं कारण पुढे करू नये, हे मी आमच्या इथल्या मराठी लोकांकडे बघून बोलतेय. आमच्या मंडळात सात सात वर्षं राहिलेले लोक आहेत, गणपतीला ढोल-ताशा वाजवतात, आणि बेकरीत जाऊन ब्रेडकडे बोट दाखवतात. हेच लोक ग्रुपवर "वीस वर्षं महाराष्ट्रात राहून मराठी येत नाही" म्हणून मेसेज फॉरवर्ड करतात. मला हसू आवरत नाही.

शब्द आले म्हणून संवाद होतो असंही नाही हां, हे ऑफिसात कळलं. आमच्या टेस्टिंगचं अर्धं काम चाकणला होतं, मी मधली निरोप्या. इथल्या बॉसने कॉलवर विचारलं शुक्रवारपर्यंत रिपोर्ट होईल का, तिकडचा मुलगा म्हणाला हो सर, बघतो मी, होऊन जाईल. तो इंग्लिशमध्ये बोलला, पण मला ऐकू आलं ते अस्सल मराठी "बघतो". आणि मराठी "बघतो" म्हणजे काय हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. मशीन बंद होतं, त्याला माहीत होतं, पण सगळ्यांसमोर बॉसला नाही कसं म्हणायचं. शुक्रवारी रिपोर्ट नाही. बॉसचा वैताग उशिराबद्दल नव्हताच, आधी सांगितलं नाही याबद्दल होता. उलट बाजू अशी की महिन्याभराने त्याच बॉसने मेल टाकली, ना नमस्कार ना चमत्कार, एवढंच की चौथा भाग चुकलाय, पुन्हा करा, तर चाकणचा मुलगा दोन दिवस मला विचारतोय, ताई, सर चिडलेत का? आता याला कसं सांगू, स्वाबियन लोकांची म्हणच आहे की शिव्या घातल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं समजा. मी मग एक आयडिया केली, कॉलवर "होईल का" हा प्रश्नच बंद करून टाकला, त्याऐवजी विचारायचं की यात काय काय अडू शकतं. त्यावर चाकणहून पंधरा मिनिटं भरभरून माहिती येते, मशीनची, पार्टची, लाइट गेल्याची, सगळी.

इथल्या लोकांची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. या राज्याने, म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्गने, 1999 मध्ये स्वतःच्या जाहिरातीसाठी घोषवाक्य काय घेतलं तर, आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. सरकारी खर्चाने, पोस्टरवर. आपण असं कधी करू? वऱ्हाडी किंवा मालवणी हेल काढून बोलणारा पोरगा पुण्यात पहिल्या दिवशी किती बोलतो आणि सहा महिन्यांनी किती, ते बघा एकदा. आपल्याच माणसाला आपण बोलू देत नाही, तर बाहेरचा कशाला तोंड उघडेल चुकीची मराठी बोलायला.

दिवाळीत घरी गेले होते. आईबरोबर भाजीला गेले, कोपऱ्यावरचा जौनपूरचा भाजीवाला, मी कॉलेजात होते तेव्हापासून तिथेच बसतो. आई म्हणाली, भैय्या, मेथी कैसा दिया? तो म्हणाला, काकू, तीसला जुडी, पन्नासला दोन घ्या, आजच आलीये. आई म्हणाली, बहोत महंगा बोलता है तुम. तो मराठीत, ही हिंदीत, ती पण अशी हिंदी की ऐकवत नाही, असं पाच मिनिटं चाललं, आणि शेवटी कोथिंबीर फुकट मिळाली. घरी येताना मी म्हटलं, आई, त्याला मराठी येतं, तू का हिंदी झाडतेस? आई म्हणाली, अगं त्याला नीट कळायला नको का?

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले, मुद्दाम मराठीत बोलले आणि तोही मराठीत बोलला. कोथिंबिरीचे दहा रुपये लावले.